गोळीबाराच्या मैदानावर आता टिटवीची घरटी: लंडनजवळच्या रेनहॅम पाणथळीची संपूर्ण माहिती

लंडन म्हटलं की डोळ्यासमोर येतं मोठं शहर, उंच इमारती, राजवाडा. पण त्याच शहराच्या पूर्व टोकाला, थेम्स नदीच्या काठावर सुमारे एक हजार एकर ओली कुरणं आहेत. तिथे गाई चरतात, चरांत बेडूक ओरडतात आणि हिवाळ्यात हजारो बदकं उतरतात. या जागेचं नाव रेनहॅम मार्शेस. मार्श म्हणजे पाणथळ जमीन.

विशेष म्हणजे ही जमीन शंभर वर्षांच्या आसपास लष्कराच्या ताब्यात होती. इथे सैनिक बंदुकीचा नेम धरायला शिकत. साध्या माणसाला आत पाऊल टाकायला बंदी होती. 2000 साली पक्षी संरक्षण करणाऱ्या एका संस्थेने ही जमीन लष्कराकडून विकत घेतली आणि 2006 मध्ये ती लोकांसाठी खुली केली. लष्कराने सोडलेली जमीन पाखरांची कशी झाली, त्यासाठी नेमकं काय करावं लागलं आणि आजही काय करावं लागतं, याची ही माहिती. शेती करणाऱ्या माणसाला यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

थोडक्यात माहिती

- ठिकाण: थेम्स नदीचा उत्तर काठ, लंडनच्या पूर्वेला. काही भाग लंडनच्या हॅवरिंग विभागात, काही भाग शेजारच्या थरॉकमध्ये.
- क्षेत्र: सुमारे 411 हेक्टर.
- आधीचा वापर: चराईची कुरणं, नंतर लष्कराची फायरिंग रेंज.
- खरेदी: 2000 साली, ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून.
- खरेदी करणारी संस्था: आरएसपीबी, म्हणजे ब्रिटनची पक्षी संरक्षण संस्था. स्थापना 1889.
- लोकांसाठी खुली: 2006.

जागा नेमकी कशी आहे

थेम्स लंडनमधून पुढे जाऊन समुद्राला मिळते. रेनहॅमजवळ नदीला भरती-ओहोटी आहे. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. चढउतार थोडाथोडका नाही, मोठ्या भरतीला सहा मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे दुमजली घराएवढं पाणी वर येतं आणि परत जातं.

जुन्या काळी हे भरतीचं पाणी काठच्या सगळ्या जमिनीवर पसरायचं. मध्ययुगात लोकांनी नदीकाठी मातीचे बांध घातले, आत चर खोदले आणि खाऱ्या दलदलीची कुरणं केली. कोकणात खाडीकाठी बांध घालून खारजमीन लागवडीखाली आणतात, साधारण तसंच हे काम. फरक एवढाच की तिथे भात न लावता गवत वाढवलं आणि मेंढरं, गुरं चारली. कित्येक शतकं हेच चाललं.

जमीन चिकण मातीची, नदीच्या गाळाने बनलेली. पाणी लवकर खाली मुरत नाही. त्यामुळे पावसाचं पाणी खोलगट भागात साचून राहतं. पाखरांना नेमकं हेच हवं असतं.

दारूकोठार आणि बेंजामिन फ्रँकलिन

या भागात लष्कर आलं ते 1760 च्या दशकात. त्याआधी इंग्रज सरकारचं बंदुकीच्या दारूचं कोठार ग्रिनिच इथे, लोकवस्तीच्या जवळ होतं. स्फोट झाला तर काय, ही भीती लोकांना होती. म्हणून कोठार नदीच्या खालच्या अंगाला, पर्फ्लीट या गावी नेलं. तिथे पाच मोठी कोठारं बांधली. एकेका कोठारात दारूची दहा हजारांवर पिंपं मावत होती.

एवढी दारू एका जागी म्हटल्यावर विजेची भीती आलीच. 1772 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या जाणकारांची समिती नेमली गेली. त्यात वीजरोधकाचा शोध लावणारे बेंजामिन फ्रँकलिन स्वतः होते. समितीने कोठारांवर टोकदार वीजरोधक बसवायला सांगितलं. 1777 साली तिथल्या एका इमारतीवर खरंच वीज पडली, पण नुकसान किरकोळ झालं. आज आपल्या शाळेवर, पाण्याच्या टाकीवर जो वीजरोधक दिसतो, त्याच्या सुरुवातीच्या इतिहासात पर्फ्लीटचं नाव आहे.

लष्कराने ही छावणी 1962 मध्ये बंद केली. पाचपैकी एक कोठार अजून उभं आहे आणि त्यात आता छोटं संग्रहालय आहे.

फायरिंग रेंज

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्फ्लीट आणि रेनहॅमच्या मधल्या कुरणांवर फायरिंग रेंज झाली. सपाट जमीन, वस्ती लांब, एका बाजूला नदी. गोळीबाराच्या सरावाला याहून सोयीची जागा लंडनच्या जवळ मिळणं अवघड होतं. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात जाणारे सैनिक इथे नेमबाजी शिकले.

पहिल्या महायुद्धात तर खरी लढाईसुद्धा इथे झाली. 31 मार्च 1916 च्या रात्री जर्मनीची बाँब टाकणारी हवाई नौका, झेपेलिन एल-15, थेम्सवरून लंडनकडे येत होती. पर्फ्लीटच्या तोफांनी तिच्यावर मारा केला. नौकेतून गॅस सुटायला लागला आणि ती शेवटी थेम्सच्या मुखाजवळ पाण्यात पडली.

त्या काळातल्या खुणा अजून आहेत. निशाणाच्या मागे गोळ्या अडवायला घातलेले मातीचे उंच बांध, दारू ठेवायच्या छोट्या इमारती. त्या पाडल्या नाहीत. ज्या बांधावर गोळ्या आदळायच्या, त्या जागी आज पक्षी बघायची खोली आहे.

बंद फाटकाचा फायदा

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. लष्कराने ही जागा निसर्गासाठी राखली नव्हती. लष्कराला गोळीबाराला जागा हवी होती, बस्स. पण फाटक बंद राहिल्यामुळे आत कुणी प्लॉट पाडले नाहीत, कारखाना घातला नाही, जमीन नांगरली नाही.

बाहेर मात्र सगळं बदलत होतं. जवळच डॅगनहॅमला 1931 मध्ये फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. नदीकाठी गोदामं, तेलाच्या टाक्या, धक्के झाले. पाणथळीच्या शेजारी लंडनच्या कचऱ्याचा प्रचंड डेपो उभा राहिला. आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे टिल्डा या प्रसिद्ध बासमती कंपनीची तांदळाची मिलसुद्धा याच रेनहॅममध्ये, नदीच्या काठाला आहे. भारतातून गेलेला बासमती तिथे उतरतो.

थेम्सकाठच्या बाकीच्या पाणथळी एकेक करून भरल्या गेल्या. नदीचीही अवस्था वाईट होती. 1957 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने शहरातली थेम्स जैविकदृष्ट्या मृत असल्याचं सांगितलं होतं. पुढे सांडपाण्यावर प्रक्रिया सुधारली आणि नदीत मासे परत आले. पण भरलेली पाणथळ परत येत नाही. रेनहॅमची उरली ती तारेच्या कुंपणामुळे.

याच जागेत थेम्समधून उपसलेला गाळही पंपाने आणून टाकला जायचा. नदीतला जहाजांचा रस्ता मोकळा ठेवायला गाळ काढावा लागतो आणि तो कुठेतरी टाकावा लागतो. बांध घालून केलेल्या मोठ्या हौदांत तो सोडत. गंमत अशी की त्या ओल्या गाळावर किडे झाले आणि किड्यांसाठी पाखरं आली. लष्कराची जागा आणि गाळाचे हौद, दोन्ही मिळून पाखरांचा अड्डा तयार झाला.

हॉलिवूडचं उद्यान होता होता राहिलं

1986 मध्ये सरकारने या पट्ट्याला विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या जागेचा दर्जा दिला. इनर थेम्स मार्शेस या नावाने सुमारे 479 हेक्टर जमीन नोंदवली गेली. पण दर्जा मिळाला म्हणजे जमीन वाचली असं नसतं. हे आपल्याकडेही गायरानाच्या बाबतीत लोकांना माहीत आहे.

1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका मोठ्या सिनेमा कंपनीने इथे स्टुडिओ आणि करमणूक उद्यान काढायची योजना आणली. रोजगार येणार म्हणून बाजूने बोलणारे होते आणि पाणथळ जाणार म्हणून विरोध करणारेही होते. शेवटी ती योजना बारगळली. नंतर पाणथळीच्या पट्ट्यातून नवा मोठा रस्ता गेला. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्याने फ्रान्सला जाणाऱ्या वेगवान रेल्वेचा मार्गही याच पट्ट्यातून गेला, तो 2007 मध्ये सुरू झाला. म्हणजे जमिनीवर चारही बाजूंनी दाब होता.

अशा वेळी लष्कराला रेंजची गरज उरली नव्हती. आता ही जमीन कुणाकडे जाणार, हा खरा प्रश्न होता. बंद फाटक उघडलं असतं तर पहिली आली असती ती गोदामंच.

2000 ते 2006: सहा वर्षांचं काम

2000 साली आरएसपीबीने ही जमीन विकत घेतली. ही संस्था सरकारी नाही. 1889 मध्ये काही बायकांनी एकत्र येऊन ती सुरू केली. त्या काळी श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती आणि त्यासाठी लाखो पक्षी मारले जात होते. त्याविरुद्ध हे आंदोलन होतं. आज संस्थेचे दहा लाखांहून जास्त सभासद आहेत आणि त्यांच्या वर्गणीतून, देणग्यांतून संस्था जमिनी राखते.

जमीन मिळाली, पण लगेच लोकांना आत सोडता येत नव्हतं. कारण उघड आहे. एवढी वर्षं गोळीबार झालेल्या जमिनीत न फुटलेला दारूगोळा असतो. आधी तो शोधून काढावा लागला.

दुसरं काम पाण्याचं. जुने चर गाळाने आणि लव्हाळ्याने भरून गेले होते. ते पुन्हा खोदले. काही ठिकाणी जमीन उथळ कोरून पाणी साचेल असे खोलगट भाग केले. तिसरं काम वाटांचं. ओल्या जमिनीवरून लाकडी फळ्यांच्या वाटा केल्या, म्हातारी माणसं आणि चाकाच्या खुर्चीतली माणसंही जाऊ शकतील अशा. संपूर्ण फेरी साधारण चार किलोमीटरची आहे.

2006 मध्ये पर्फ्लीटच्या बाजूला माहिती केंद्राची इमारत झाली. ती छपरावरचं पावसाचं पाणी साठवते, सूर्यापासून वीज करते आणि जमिनीतली उष्णता वापरते. त्याच वर्षी लोकांना आत यायला मोकळीक मिळाली. ज्या जागेकडे आजोबांनी फक्त तारेबाहेरून बघितलं होतं, तिथे नातवंडं फिरायला लागली.

पाणी कसं धरतात

आता मुख्य मुद्दा. जमीन वाचवली आणि सोडून दिली, असं करून पाणथळ टिकत नाही. पाच-दहा वर्षांत लव्हाळं माजतं, मग झुडपं येतात, मग झाडं. चर बुजतात. पाणी सुकतं. शेवटी उरतं ते कोरडं रान. तेही निसर्गच आहे, पण टिटवीला, बदकाला ते चालत नाही.

म्हणून तिथे वर्षभर पाण्याचा हिशोब असतो. लंडनच्या या भागात वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या तालुक्यांइतकाच. फरक असा की तो पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि हवा थंड असल्याने बाष्पीभवन कमी होतं. शेजारी एवढी मोठी नदी आहे, पण तिचं पाणी खारट. गोड्या पाण्याच्या कुरणावर ते घेता येत नाही. म्हणून भिस्त मुख्यतः पावसावर.

पद्धत अशी:

- हिवाळ्यात चरांना आडवी फळी किंवा दार लावून पाणी अडवतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला आपण बर्गे घालतो, तसाच प्रकार. चर भरतात, खोलगट भागांत पाणी पसरतं. बदकं उतरतात.
- वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलपासून, पाणी हळूहळू कमी होऊ देतात. पाण्याच्या कडेला ओला चिखल उघडा पडतो. त्यात किडे-अळ्या असतात. टिटवीची पिल्लं तिथे चरतात.
- उन्हाळ्यात पाणी सगळं सुकू देत नाहीत. चरांत ठरावीक पातळी राखतात.
- शरद ऋतूत चर साफ करतात. सगळे चर एकाच वर्षी साफ करत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या वर्षी. म्हणजे त्यातल्या जिवांना पळून जायला शेजारचा चर शिल्लक राहतो.

हा शेवटचा मुद्दा आपल्या नाला खोलीकरणाच्या कामांतही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पोकलेन लावून एका दमात सगळा नाला साफ केला की पाणी साठतं, पण बेडूक, मासे, पाणसाप यांना जागा राहत नाही.

गाई कशाला ठेवल्या

अभयारण्य म्हटलं की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती चराईबंदी. रेनहॅममध्ये उलटं आहे. तिथे गुरं मुद्दाम सोडतात.

कारण सरळ आहे. गुरं चरली की गवत आखूड राहतं. पण यंत्राने कापल्यासारखं एकसारखं होत नाही. गाय एका ठिकाणी खाते, दुसरीकडे झुबका सोडते. आखूड गवतात टिटवी घरटं करते, कारण तिला दुरून शत्रू दिसायला हवा. झुबक्यात पिल्लं लपतात. खुराने माती दबते, छोटे खड्डे पडतात, त्यात पाणी साचतं. शेणावर किडे येतात, किड्यांवर पाखरं जगतात.

अर्थात गुरं किती, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे ठरवलेलं असतं. घरटी असताना एकाच कुरणात जास्त गुरं घातली तर अंडी पायाखाली जातात. कमी घातली तर गवत माजतं. चराई पूर्ण बंद केली तरी नुकसान आणि मोकाट सोडली तरी नुकसान. जुन्या गुराख्याला जे माहीत होतं, तेच तिथे कागदावर मांडून केलं जातं.

टिटवी आणि कोल्हा

रेनहॅममध्ये ज्या पाखरासाठी सगळ्यात जास्त धडपड आहे, ती म्हणजे शेंडीवाली टिटवी. आपल्या शेतात ओरडणाऱ्या टिटवीची ही भाऊबंद. डोक्यावर लांब शेंडी, पाठ हिरवट काळी. तीही जमिनीवरच घरटं करते आणि बहुधा चार अंडी घालते.

आपल्याकडे टिटवीने अंडी उंच जागी घातली की पाऊस चांगला, खोलगट जागी घातली की पाऊस कमी, असं जुनी माणसं सांगतात. इंग्लंडातही शेतकऱ्यांना हे पाखरू चांगलं ओळखीचं. पण तिथे शेतीची पद्धत बदलली. ओल्या जमिनी चर काढून सुकवल्या, पेरणीचा हंगाम बदलला आणि टिटवी कमी होत गेली. 2009 पासून ती ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे.

रेनहॅममध्ये पाणी आणि गवत जमलं, तरी पिल्लं जगायला आणखी एक अडचण होती. कोल्हा. लंडनच्या वस्त्यांत कोल्हे भरपूर. रात्री येऊन अंडी-पिल्लं फस्त करतात. त्यावर उपाय म्हणून घरट्यांच्या कुरणांभोवती विजेचं कुंपण केलं. आपण रानडुकरांपासून मका वाचवायला झटका मशीन लावतो, तेच तत्त्व.

हिवाळ्यातले पाहुणे आपल्याही ओळखीचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रेनहॅमचा सगळ्यात गजबजलेला हंगाम. उत्तरेकडून, रशिया आणि स्कँडिनेव्हियाच्या थंड भागांतून बदकं येतात. त्यांतली बरीच नावं जायकवाडी, उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्या पक्षीप्रेमींना पाठ असतील: चक्रांग, तलवार बदक, थापट्या, तरंग. लांब चोचीचा मालगुजाही दोन्हीकडे दिसतो. आपल्याकडे येणारे थवे वेगळ्या वाटेने, मध्य आशियावरून येतात. पण जात तीच आणि गरजही तीच: उथळ पाणी, ओला चिखल, माणसाचा त्रास कमी.

तरंग बदकाची एक सवय सांगण्यासारखी आहे. ते गाईसारखं गवत चरतं. थवाच्या थवा कुरणावर बसून आखूड गवत खुडतो. म्हणजे उन्हाळ्यात गुरांनी आखूड केलेलं गवत हिवाळ्यात बदकांच्या कामी येतं.

बदकं आली की त्यांच्या मागे शिकारीही येतात. बहिरी ससाणा वरून सूर मारतो, भोवत्या लव्हाळ्यावरून खालून फिरतो. शेजारच्या कचरा डेपोवर घारीसारखे कुरव पक्षी हजारोंनी जमत. 2011 च्या जानेवारीत त्यांच्यात पॅसिफिक महासागराकडचा एक दुर्मिळ कुरव दिसला, तेव्हा त्या एका पाखरासाठी देशभरातून माणसं कचऱ्याच्या ढिगाकडे दुर्बिणी लावून उभी राहिली होती.

चरातला पाणउंदीर

पाखरांइतकाच महत्त्वाचा इथला एक छोटा प्राणी आहे, वॉटर व्होल. आपण पाणउंदीर म्हणू. चरांच्या काठात बीळ करतो, गवत खातो, पाण्यात पोहतो. ब्रिटनमध्ये हा प्राणी फार झपाट्याने संपत गेला. नदीकाठ सिमेंटचे झाले आणि फर व्यवसायासाठी अमेरिकेतून आणलेले मिंक नावाचे प्राणी पिंजऱ्यातून सुटून नदीकाठी पसरले. मिंक बिळात शिरून त्याला खातो.

रेनहॅमचे चर मात्र मातीचे, काठ गवताचे. म्हणून देशातल्या पाणउंदरांच्या दाट वस्तीच्या जागांत हिचं नाव घेतलं जातं. उंदीर म्हटल्यावर शेतकऱ्याच्या कपाळावर आठी येईल, पण हा पिकाच्या कोठारात शिरणारा उंदीर नाही. तो चराच्या काठापुरता राहतो.

पुढचे प्रश्न

सगळं सुरळीत आहे असं नाही.

पहिला प्रश्न समुद्राचा. 1953 च्या जानेवारीअखेरच्या वादळात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आत घुसला आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर नदीचे बांध उंच केले. लंडन वाचवायला 1980 च्या दशकात थेम्सवर मोठी दारं बसवली, त्याला थेम्स बॅरियर म्हणतात. पण रेनहॅम त्या दारांच्या खाली, समुद्राच्या बाजूला येतं. तिथला आधार म्हणजे नदीचा बांधच. समुद्राची पातळी वाढत आहे आणि बांधाच्या आत गोड्या पाण्याचं कुरण आहे. एकदा खारं पाणी आत आलं की चर गोडे व्हायला वेळ लागतो.

दुसरा प्रश्न दुष्काळाचा. 2022 च्या जुलैत ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा 40 अंशांच्या वर गेला. त्याच दिवशी, 19 जुलैला, पाणथळीला लागून असलेल्या वेनिंग्टन गावात गवताला आग लागून अनेक घरं जळाली. भिस्त पावसावर असेल आणि उन्हाळा असा तापला, तर चरांत पाणी धरून ठेवणं अवघड होत जाणार.

तिसरा प्रश्न माणसांच्या गर्दीचा. लंडन जवळ, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. लोक आले पाहिजेत, पण घरट्यांपर्यंत जाता कामा नये. म्हणून वाटा ठरलेल्या आहेत आणि बाकी कुरण माणसाला बंद आहे. लष्कराच्या काळात फाटक बंद होतं ते गोळ्यांसाठी, आता काही भाग बंद आहे तो अंड्यांसाठी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आत जायला पैसे पडतात का?
संस्थेच्या सभासदांना पडत नाहीत, बाहेरच्यांना तिकीट आहे. लगतच्या हॅवरिंग आणि थरॉकच्या रहिवाशांसाठी मोफत प्रवेशाची सवलत ठेवली गेली. ज्यांच्या शेजारची जमीन, त्यांना आधी मान.

जमीन सरकारची आहे का?
नाही, पक्षी संरक्षण संस्थेची खरेदी आहे. मात्र 1986 च्या दर्जामुळे सरकारी कायद्याचंही संरक्षण आहे. मालकी आणि कायदा, दोन्ही बाजूंनी आधार असल्यामुळे जमीन टिकली.

जमिनीत अजून दारूगोळा असेल का?
लोकांसाठी उघडण्याआधी जमीन साफ केली आहे. तरी जुन्या फायरिंग रेंजवर ठरलेली वाट सोडून फिरू नये आणि जमिनीत धातूची वस्तू दिसली तर हात लावू नये, हा नियम जगभर सारखाच आहे. आपल्याकडेही रेंजच्या आसपासच्या गावांनी तो पाळावा. भंगारासाठी उचललेला तुकडा जीव घेऊ शकतो.

नुसतं कुंपण घालून जमीन सोडली तर पाणथळ होते का?
होत नाही. पाणी अडवावं लागतं, सोडावं लागतं, चर काढावे लागतात, गुरं फिरवावी लागतात आणि हे दर वर्षी करावं लागतं. रेनहॅमची जमीन शंभर वर्षं टिकली ती बंद फाटकामुळे. पण आज तिथे टिटवी अंडी घालते ती वेळेवर घातलेल्या बर्ग्यांमुळे आणि ठरलेल्या दिवशी कुरणात सोडलेल्या गाईंमुळे.